मातीची तीन बोटं

समन्समध्ये लिहिलं होतं, की वजनकाट्याच्या पडताळणी दाखल्यासह हजर राहावे. अतीकनं ते बापाला दोनदा वाचून दाखवलं आणि दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. तरी सकाळी इमामसाब घराबाहेर पडला तेव्हा त्याच्या खांद्यावर चादरीत बांधलेला अख्खा काटा होता.

"अब्बा, कागद मागितलाय त्यांनी. काटा न्हाय."

"कागद कशाचा हाय?"

"काट्याचा."

"मग? साहेब म्हनला, ह्यो कागद कुठल्या काट्याचा, तर काय नुसती मान हलवू?"

अतीकनं कपाळाला हात लावला. रशीदानं नवऱ्याच्या खिशात भाकरीची पुरचुंडी कोंबली. तिला जे सांगायचं होतं ते तिनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

मोहोळहून एसटी मिळाली. काटा मांडीवर घेऊन इमामसाब खिडकीशी बसला. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, गाठोड्यात काय?" तो म्हणाला, "काटा." कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायचं की नाही यावर जरा विचार केला आणि पुढं गेला.

इमामसाब तोलार होता. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि मधला आकडा तोलाराचा. एकेचाळीस वर्षं तो हा मधला आकडा बोलत आला होता. पहिल्या मापाला त्यानं कधी 'एक' म्हटलं नाही. बापानं शिकवल्याप्रमाणं 'लाभ' म्हणून सुरुवात करायची, मग दोन, तीन. आधी तागडी होती, मग लोखंडी काटा आला, मग बॅटरीवरचा. आकडा आता तांबड्या दिव्यांत आपोआप उमटायचा आणि कुणालाही वाचता यायचा, तरी बाजारात लोक आकडा बघत नसत, इमामसाबच्या तोंडाकडं बघत.

तोंडाकडं, आणि मग हाताकडं. त्याचं कारण कडता. पोत्यात नुसता कांदा नसतो, कांद्याला माती असते, ओल असते, सडकं असतं. त्यासाठी वजनातून जे कापायचं तो कडता. पूर्वी तोलार वजन बोलायचा आणि पाठोपाठ कडता बोलायचा. मग शेतकऱ्यांची ओरड झाली, की कडत्याच्या नावाखाली लूट चालते, आणि ती ओरड काही खोटी नव्हती. बाजाराच्या दारात पाटी लागली, की कडता कापणे हा गुन्हा आहे, कापणाऱ्याचा परवाना रद्द होईल. त्या दिवसापासून कडता बंद झाला नाही, फक्त मुका झाला. तोलार वजन मोठ्यानं बोलायचा आणि मांडीवर हात ठेवून बोटं उचलायचा. एक बोट, एक किलो. अडतीचा दिवाणजी मान न वळवता ती बोटं टिपायचा आणि उरलेला आकडा लिहायचा. शेतकऱ्याला सगळं ठाऊक असायचं. इमामसाबचं बोट असलं तर तो फार भांडत नसे, कारण इमामसाब व्यापाऱ्यासाठी बोट वाढवत नव्हता. जेवढी माती, तेवढं बोट.

एकटा धुळा मात्र भांडायचा.

धुळ्याची सीना नदीच्या काठाला अडीच एकर काळी जमीन होती आणि त्या जमिनीचा थोडा थोडा भाग तो दर बाजाराला पोत्यातून विकायला आणायचा. वर निवडक कांदा, मध्ये बरा कांदा, आणि तळाला ढेकळं. एकदा चाळीस माणसांसमोर इमामसाबनं त्याचं पोतं उलटं केलं. ढेकळं घरंगळत चहाच्या गाड्यापर्यंत गेली. लोक पोट धरून हसले.

धुळा म्हणाला, "इमामसाब, तुझ्या डोळ्यात माती पडंल."

"पडू दे की. पडली तरी तेवढी कापूनच सांगीन."

लोक आणखी हसले. त्यानंतर तीन वर्षं धुळा त्याच्याशी बोलला नाही. पोती मात्र त्याच्याच काट्यावर आणायचा, आणि पोत्यात ढेकळं असायचीच.

दीड वर्षापूर्वी, कार्तिकात, ऊन उतरता उतरता पोलिसांची जीप अडतीसमोर थांबली. भारत हवालदार उतरला आणि म्हणाला, "चाचा, काटा घ्या आनी चला. सरकारी काम हाय." इमामसाबला वाटलं रेशनचा तांदूळ धरला असेल. जीप नदीच्या बाजूला वळली तेव्हाही त्याला काही कळलं नाही. धुळ्याच्या मक्यात शिरल्यावर कळलं. मक्याच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाहीत अशी, पुरुषभर उंचीची गांजाची अकरा झाडं होती. वास असा होता की एक शिपाई नाकाला रुमाल लावून उभा होता.

धुळा बांधावर बसवलेला होता. त्यानं पोलिसांकडं बघितलं नाही, तहसीलदाराकडं बघितलं नाही. काटा घेऊन येणाऱ्या माणसाकडं तेवढं बघितलं.

"तू व्हय," तो म्हणाला. "मंजी आता मातीबी मोजनार."

इमामसाबनं काटा खाली ठेवला. वेशीतल्या कट्ट्यावर भरदुपारी डोळे तांबारून पडलेली तरणी माणसं त्यानं पाहिली होती, आणि तो माल कुठून येतो हे आज त्याला समजलं होतं. धुळ्याची त्याला दया आली नाही.

धुळ्यानं त्याच सकाळी मक्याला पाणी सोडलं होतं. शिपायांनी झाडं मुळासकट उपटली तेव्हा मुळांना काळ्या चिखलाचे गोळे आले, मोसंबीएवढाले. इमामसाबनं फळी टाकली, काटा मांडला, शून्य करून सगळ्यांना दाखवलं. झाडं मोडून जुड्या बांधल्या होत्या. त्यानं नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "लाभ, सहा शंभर..." चार मापं झाली. चौथ्यानंतर तो बेरीज बोलला, "बावीस किलो चारशे." भारत हवालदार जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होता. त्यानं लिहिलं. दोन पंचांनी सह्या केल्या, तहसीलदारानं केली, आणि तोलारानं केली. दिवसाला शंभर पावत्यांवर सही करायची सवय. काय लिहिलं ते वाचणं लिहिणाऱ्याचं काम, असं इमामसाब आयुष्यभर समजत आला होता.

त्यात काही चुकलंय हे त्याला कळलं ते गेल्या महिन्यात. धुळ्याची बायको मथुराबाई घरी आली. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती, रशीदानं हाताला धरून आणली. तिच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा होता.

"चाचा, आमची केस लढवनाऱ्या राहत वकीलीणबाईंनी इचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "वजन तुमीच केलंसा नव्हं?"

"व्हय."

"बावीस किलो चारशे. ईसच्या वर गेलं की धा वर्सं. जज्जाला वाटलं तरी कमी करता येत न्हाय म्हनं. ईसच्या आत असतं तर जज्जाच्या मनावर. दोन दे, चार दे." ती थांबली. "धा वर्सांनी आमी कुटं असू, चाचा? आत्ताच त्यांचा गुडघा चालत न्हाय."

इमामसाबनं कागद मागून घेतला. चष्मा लावला. सही त्याचीच होती. वर आकडा होता, बावीस किलो चारशे ग्रॅम.

"आनी कडता?" तो म्हणाला.

"कसला कडता?"

"मुळाला गोळे होते की. लिवनाऱ्यानं कापला न्हाय?"

मथुराबाईला काही समजलं नाही. रशीदाला समजलं. तिनं हातातली कपबशी खाली ठेवली.

त्या दिवसापासून इमामसाबच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. त्या संध्याकाळी त्यानं मांडीवर बोटं उचलली होती का? उचलली असणार. वजन बोलल्यावर बोटं उचलली नाहीत असं एकेचाळीस वर्षांत झालं नव्हतं. पण तशी आठवण म्हणाल तर नव्हती. घराला कुलूप लावल्यावर वाटेत माणसाला शंका येते, तशातली गत. लावलंच असणार, पण लावताना आपण स्वतःला पाहिलेलं नसतं.

रशीदा म्हणाली, "तुमची बोटं झोपेत हलत्यात. तितं हलली नसतील व्हय?"

अतीकला हे मुळीच पसंत नव्हतं. "अपने को क्या करना है, अब्बा?" तो म्हणाला. "सही तुमची, वजन बरोबर. झालं. कोर्टात शपथेवर बोटांचं सांगितलं, तर उद्या बाजारात बसू देतील का? परवान्याचं नवीन वर्षाचं अजून हुयाचंय. आनी त्या मानसानं गांजा लावला व्हता का न्हाय?"

"लावला व्हता की."

"मग?"

"गांजा त्याचा, त्याची शिक्षा त्याला," इमामसाब म्हणाला. "माती कुनाच्या नावावर टाकायची, ते सांग."

अतीक उठून बाहेर गेला.

कोर्टाच्या फाटकावर शिपायानं गाठोडं सोडायला लावलं. काटा बघून तो गोंधळला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं समन्स बघितलं. "हे काय भाजी मार्केट आहे का, आजोबा?" तो म्हणाला, पण आत सोडलं. वरच्या मजल्यावर भारत हवालदार गॅलरीत उभा होता. त्यानं चहा मागवला.

"घाबरायचं न्हाय, चाचा. सही तुमचीच का, व्हय. वजन किती, बावीस चारशे. बास. दुपारच्या गाडीनं घरी."

"आनी माती?"

"कसली माती?"

"मुळाची."

भारतनं चहाचा घोट गिळला. "तवा बोलला न्हाईत तुमी."

"आमी बोलत न्हाय. दावतो. बाजारात कदी आला न्हाईत का तुमी?"

"चाचा, मी अकरा झाडं, दोन पंच, तहसीलदार नि अंधार, एवढं सगळं एका कागदावर उतरवत हुतो. कागद बघू का तुमची बोटं बघू?" मग त्यानं आवाज खाली घेतला. "आता ते काढू नका. सरकार पक्षाचे साक्षीदार हाय तुमी."

पुकारा झाला. इमामसाब गाठोडं घेऊनच पिंजऱ्यात गेला आणि त्यानं ते पायाशी ठेवलं. धुळा समोरच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये होता. दाढी वाढली होती, गुडघ्यावर हात होते. त्यानं मान वर केली, काट्याची चादर ओळखली आणि पुन्हा मान खाली घातली.

सरकारी वकिलांचं काम पाच मिनिटांत उरकलं. सही तुमची का? व्हय. काटा बरोबर होता का? व्हय, ह्यो दाखला. वजन किती भरलं? बावीस किलो चारशे. ते बसले.

राहत वकीलीणबाई उठल्या. बारीक चणीच्या, आवाज हळू.

"इमामसाब, तुम्ही बोललात तो आकडा झाडांचा होता, की झाडं आणि माती मिळून?"

"काट्यावर जे ठेवलं त्याचा."

"माती वजा केली होती का?"

इमामसाबनं खाली बघितलं. गाठोड्याची गाठ सुटायला आली होती. त्याला वाटलं, वाकून ती आधी बांधावी.

"बाजारात मी वजन बोलतो," तो म्हणाला, "आनी मातीची बोटं उचलतो. लिवनारा कापतो. तितंबी बोटं उचलली असतील."

"असतील?" सरकारी वकील उभे राहिले. "असतील म्हणजे? उचलली की नाही?"

"उचललीच असतील. पन आठवत न्हाय."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाजारात असं वजन कापायला परवानगी आहे का?"

"न्हाय, साहेब. पाटी हाय."

"पाटी असताना तुम्ही कापता?"

"व्हय, साहेब."

हे उत्तर लिहून घेतलं जात होतं तेवढा वेळ टायपिंगचा आवाज होता. बाकावर मागं अतीक असता तर त्यानं डोळे मिटून घेतले असते, असं इमामसाबच्या मनात आलं. त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. त्यानं वाकून गाठोड्याची गाठ आवळली.

सरकारी वकील म्हणाले, "साहेब, साक्षीदार उलटला आहे. दीड वर्षानं याला मातीची आठवण होते. बरं, किती माती होती ते तरी सांगेल का?"

"किती होती?" न्यायाधीशांनी विचारलं.

इमामसाबनं कठडा धरला. तीन म्हणायला जीभ वळवळत होती. तीन म्हटलं की आकडा वीसच्या खाली जात होता, हे त्याला घरीच कळलं होतं, मथुराबाईलाही कळलं असतं. आणि म्हणूनच त्याला तो म्हणवेना. सोयीचा आकडा आणि खरा आकडा एकच असेल, तर तोलारानं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"माल बघितल्याबिगर कसं सांगू, साहेब," तो म्हणाला. "माल हाय का हितं?"

माल होता. ओळख पटवायला आणलेलं सीलबंद पोतं मुद्देमालाच्या टेबलावर होतं. वकीलीणबाईंनी अर्ज केला, सरकारी वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती नोंदवून घेतली आणि पोतं उघडायला सांगितलं. खाली प्लास्टिकचा कागद अंथरला. शिपायानं लाखेचं सील तोडलं आणि झाडं एकेक करून बाहेर काढली. वाळून काटक्या झालेली, पानं चुरा झालेली. मुळं झाडूच्या बुडख्यासारखी कोरडी आणि स्वच्छ होती.

पोतं मात्र अजून जड होतं. शिपायानं ते उलटं केलं. काळी ढेकळं कागदावर पडली. एक गडगडत जाऊन सरकारी वकिलांच्या बुटाला लागलं.

धुळ्याच्या बाकावरून घशात अडकल्यासारखा आवाज आला. तो हसत होता की काय, हे पोलिसांनाही कळलं नाही.

इमामसाब पिंजऱ्यातून उतरला. परवानगी विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि कुणी हटकलंही नाही. तो उकिडवा बसला. ढेकळांवरून हात फिरवला, एक उचलून हातात खेळवलं, बोटांनी चुरलं. मुळांकडं बघितलं. मग मांडीवर हात ठेवला. तीन बोटं वर आली.

"तीन," तो म्हणाला. या वेळी मोठ्यानं.

"अंदाज!" सरकारी वकील म्हणाले. "साहेब, हा नुसता अंदाज आहे."

"काटा हाय की," इमामसाब म्हणाला, आणि चादर सोडली.

न्यायाधीशांनी दाखल्यावरचा क्रमांक काट्याच्या पट्टीवरच्या क्रमांकाशी ताडून घेतला, मग मान हलवली. पानांचा चुरा बाजूला काढून माती चाळणीनं चाळली. चाळणी कोर्टाच्या कँटीनमधून आली होती. काटा टेबलावर ठेवला, शून्य केला. माती पिशवीत भरून ठेवली. तांबडे आकडे हलले आणि थांबले. दोन किलो पाचशे पन्नास.

इमामसाब आकडा बोलला. त्याच्याआधी सगळ्यांनी तो वाचला होता.

बावीस चारशेतून दोन साडेपाचशे. वजाबाकी सोपी होती. वीसला दीडशे ग्रॅम कमी.

"तुमचं अर्ध्या किलोनं चुकलं," सरकारी वकील म्हणाले. पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

"तवा ओली होती, साहेब. पानी उडालं."

"तेही अंदाजानंच ना?"

"व्हय. ते अंदाजानंच."

भारत हवालदार दाराशी उभा होता. इमामसाब त्याच्या बाजूनं बाहेर पडला तेव्हा तो बाजूला सरकला, इतकंच.

दोन महिन्यांनी निकाल लागला. झाडं लावल्याबद्दल आणि बाळगल्याबद्दल धुळ्याला चार वर्षं झाली. दीड वर्ष आत काढलं होतं ते त्यातून वजा झालं. निकालपत्रात मातीचा एक परिच्छेद होता, असं राहत वकीलीणबाईंनी मथुराबाईला सांगितलं, आणि मथुराबाईनं रशीदाला. सरकार वरच्या कोर्टात जाईल की नाही ते अजून ठरलं नव्हतं.

इमामसाबला बाजाराच्या ऑफिसातून नोटीस आली. साक्षीतलं त्याचं वाक्य नोटिशीत जसंच्या तसं टाईप केलेलं होतं. खुलासा अतीकनं लिहिला, इमामसाबनं तो पूर्ण वाचला आणि मगच सही केली. त्याच्या परवान्याचा कागद ऑफिसातल्या टेबलावर पडून राहिला. अतीकनं स्वतःचा परवाना आधीच काढून ठेवला होता; तोपर्यंत तो त्यावर काटा धरू लागला आणि इमामसाब त्याच्या मागं स्टुलावर बसू लागला. आकडा आता अतीक बोलायचा. त्यानं 'लाभ' सोडून 'एक' म्हणायला सुरुवात केली होती. लोक पहिले काही दिवस चुकून मागं स्टुलाकडं बघायचे.

पावसाळी कांदा निघाला तशी मथुराबाई एका बाजाराला चार पोती घेऊन आली. तिनं इमामसाबला दोन्ही हात जोडले. तो अवघडला आणि त्यानं धुळ्याची तब्येत विचारली.

"बरी हाय. गुडघ्याला तितंच औषध मिळतंय." ती जरा थांबली. "गेल्या भेटीला म्हनले, इमामसाबला निरोप दे. म्हनावं, जल्मात एकदाच माती माझ्या बाजूनं कापलीस."

"आनी काय म्हनला?"

"आनी काय न्हाय."

अतीकनं पहिलं पोतं काट्यावर घेतलं. त्रेपन्न. दिवाणजीनं सवयीनं मान न वळवता स्टुलाकडं डोळे नेले. इमामसाबनं पोत्याच्या तळाकडं बघितलं. कोपऱ्यातून काळी पूड सांडत होती आणि गोणपाटातून ढेकळाचा आकार चांगला उमटला होता.

"मथुराबाई," तो म्हणाला, "पोतं तू भरलंस व्हय?"

"व्हय, मीच भरलं, पन कसं भरायचं ते त्यांनी सांगितलं." तिनं पदर तोंडाला लावला.

इमामसाबनं दोन्ही हात काखेत धरले होते. परवाना नसलेल्या माणसानं बोटं उचलायची नसतात. मग त्यानं अतीकला म्हटलं, "उलटं कर. तिच्यासमोर. काढ आनी पुन्यांदा मोज."

अतीकनं पोतं उलटं केलं. ढेकळं चहाच्या गाड्याकडं घरंगळली. लोक हसले. मथुराबाई खाली बसून कांदे गोळा करू लागली, आणि स्टुलावरून उतरून इमामसाबही.